मेमटेस्ट८६+, ओसीसीटी आणि इतर मंडळी : नवा पीसी क्रॅश होतो तेव्हा कोणाचं ऐकायचं?

फुकट मिळणाऱ्या टेस्टिंग टूल्सबद्दल एक गोष्ट आधीच सांगून टाकलेली बरी. ती ‘फेल’ म्हणाली तर निमूट मान्य करा, ‘पास’ म्हणाली तर लगेच हुरळून जाऊ नका. रात्रभर मेमरी टेस्ट स्वच्छ जाते आणि सकाळी ब्राउझर उघडताच ब्लू स्क्रीन येतो, हे नव्या असेंबल केलेल्या पीसीवर अगदी नेहमीचं आहे. त्यात टूल खोटं बोललेलं नसतं. प्रत्येक टूल मशीनच्या एकाच कोपऱ्यात बॅटरी मारतं, आणि कोणत्या कोपऱ्यात ते ठाऊक नसेल तर आठवडा वाया जातो. पुढचा हिशेब मुख्यतः डीडीआर५ रॅमच्या मशीनचा आहे, म्हणजे एएमडीचं एएम५ आणि इंटेलचं एलजीए१७०० (ही सीपीयूच्या सॉकेटची नावं). त्याआधीचं एएम४ अधूनमधून येईल.

टूल उतरवण्याआधी विंडोजनं काय लिहून ठेवलंय ते बघा. स्टार्ट मेनूत ‘रिलायबिलिटी हिस्टरी’ शोधली की दिवसवार लाल फुल्या दिसतात. कोणत्या दिवशी कोणता प्रोग्रॅम पडला ते तिथे कळतं. मग इव्हेंट व्ह्यूअरमधला सिस्टीम लॉग. तिथे ‘कर्नल-पॉवर ४१’ दिसला की लोक थेट एसएमपीएस (पीसीचा पॉवर सप्लाय) बदलायला निघतात, कारण नावात ‘पॉवर’ आहे. त्या नोंदीचा अर्थ एवढाच की मशीन नीट बंद न होता पुन्हा सुरू झालं. कारण तिला माहीत नसतं. मात्र तीच नोंद उघडून तपशिलात बगचेक कोड (ब्लू स्क्रीनचा क्रमांक) शून्य दिसला, तर विंडोजला ब्लू स्क्रीन दाखवायलाही वेळ मिळाला नव्हता असं समजा. अशा वेळी वीजपुरवठा किंवा पूर्ण हँग यांच्यावर संशय घ्यायला जागा आहे.

खरी कामाची नोंद ‘डब्ल्यूएचईए-लॉगर’ची, म्हणजे हार्डवेअरच्या चुका टिपणाऱ्या विंडोजच्या भागाची. इव्हेंट १८, त्यात ‘कॅश हायरार्की एरर’ आणि खाली प्रोसेसरचा एपिक आयडी (प्रत्येक थ्रेडचा क्रमांक) असेल, तर रोख थेट सीपीयूच्या एका कोअरकडे असतो. एका कोअरचे दोन थ्रेड धरले तर आयडीला दोननं भागून कोअरचा अंदाज येतो. तोच आयडी पुन्हा पुन्हा येत असेल तर रॅम तपासत बसू नका. इव्हेंट १७ मध्ये पीसीआय एक्सप्रेस रूट पोर्टचं नाव असेल तर ग्राफिक कार्ड, रायझर केबल (कार्ड आणि बोर्ड जोडणारी लांब केबल) किंवा एनव्हीएमई एसएसडीकडे वळा. ही सगळी माहिती आधीपासून मशीनमध्येच असते आणि फुकट असते.

मेमटेस्ट८६+ : पहिला मान याचाच

नावाचा घोळ आधी मिटवू. मेमटेस्ट८६ आणि मेमटेस्ट८६+ ही दोन वेगळी टूल्स आहेत. पहिलं २०१३ पासून पासमार्क कंपनीकडे आहे. त्याची मोफत आवृत्ती चार पासांवर (पास म्हणजे सगळ्या टेस्टची एक फेरी) थांबते, पण दिसायला नीटनेटकी आहे आणि शेवटी रिपोर्ट देते. दुसरं म्हणजे प्लसवालं, ओपन सोर्स. ते काही वर्षं जुन्या बायोसवरच अडकलं होतं. २०२२ च्या ६.०० आवृत्तीत ते नव्यानं लिहिलं गेलं आणि यूईएफआयवर, म्हणजे नव्या प्रकारच्या बायोसवर, चालू लागलं. त्यामुळे जुन्या सीडीवरची किंवा पेन ड्राइव्हवरची ५.०१ आवृत्ती नव्या बोर्डावर लावू नका. दोन्हींत आमची पसंती प्लसला. पासांची मर्यादा नाही आणि स्क्रीनवर हवं तेवढंच दिसतं.

पेन ड्राइव्ह बनवताना त्यावरचं सगळं पुसलं जाईल, हे लक्षात असू द्या. बूट होत नसेल तर बायोसमध्ये सिक्युअर बूट तात्पुरता बंद करा. टूल सुरू झालं की वर सीपीयू, रॅमचा आकार आणि चालू टेस्टचा नंबर दिसतो. चूक सापडली की खाली लाल ओळ उमटते. त्या ओळीत पास, टेस्ट, चुकलेला अ‍ॅड्रेस, अपेक्षित आकडा आणि सापडलेला आकडा असतो. बहुतेक जण लाल रंग पाहूनच टूल बंद करतात. तसं करू नका, ओळी वाचा. दर फेरीला तोच अ‍ॅड्रेस आणि अपेक्षित-सापडलेल्या आकड्यांत तोच एक बिट उलटा, तर रॅमच्या स्टिकवरची चिप खरोखर खराब असण्याची शक्यता मोठी. दर वेळी अ‍ॅड्रेस वेगळे, चुकाही कधी दोन तर कधी दोनशे, तर स्टिकपेक्षा तिचा वेग, व्होल्टेज किंवा सीपीयूतला मेमरी कंट्रोलर यांच्याकडे बघा.

आणखी एक, जे पुष्कळांना ठाऊक नसतं. या टूलचा पहिला पास मुद्दाम छोटा ठेवलेला असतो. त्यात प्रत्येक टेस्टच्या फेऱ्या कमी होतात. म्हणून एक पास झाला, मोठ्या अक्षरांत ‘पास’ आलं, चला बंद करा, हे चालत नाही. निदान चार पास. ३२ जीबीला रात्र धरून चाला, ६४ ला रात्र आणि दुसऱ्या दिवसाची दुपार.

आता टेस्ट कशावर घ्यायची? इथेच निम्मे लोक चुकतात. डीडीआर५ चा ६००० वेगाचा किट विकत घेतला तरी बायोसला हात न लावता तो बहुधा ४८०० वर, १.१ व्होल्टवर चालतो. ६००० मिळतो बायोसमध्ये एक्सपो किंवा एक्सएमपी प्रोफाइल (स्टिकमध्ये साठवलेली जास्त वेगाची सेटिंग) चालू केल्यावर, आणि व्होल्टेज मग १.३५ किंवा १.४ वर जातं. खोक्यावर ६००० छापलेलं असलं तरी एएमडी आणि इंटेल दोघंही प्रोफाइलला ओव्हरक्लॉकच मानतात. रायझन ७००० ची अधिकृत मर्यादा ५२००, ९००० मालिकेची ५६००. चार स्टिक लावल्या तर रायझन ७००० साठी ती थेट ३६०० वर उतरते. चारही स्लॉट भरून ६००० मागणारे लोक क्रॅशची तक्रार करतात तेव्हा त्यांना दुसरं काही विचारायची गरजच नसते.

म्हणून दोन टेस्ट घ्या. पहिली प्रोफाइल बंद ठेवून, दुसरी चालू करून. बंद असताना चूक आली तर एकेक स्टिक वेगळी काढून, सीपीयूपासून दुसऱ्या स्लॉटमध्ये, म्हणजे बोर्डावर ए२ छापलेल्या जागी, लावून तपासा. दोन्ही स्टिक एकेकट्या ठीक आणि जोडीनं नापास, किंवा एकाच स्लॉटमध्ये कोणतीही स्टिक नापास, असं झालं तर रॅम परत करायला धावू नका. कूलरचे स्क्रू एका बाजूनं जास्त आवळले गेले असतील किंवा सॉकेटमधली एखादी पिन वाकली असेल, तरी एक मेमरी चॅनल असंच वागतं. कूलर काढा, सीपीयू उचला, मोबाइलचा टॉर्च तिरका धरून पिनांच्या रांगा बघा. वाकलेल्या पिनेची चमक रांगेतून वेगळी दिसते. कूलर परत बसवताना स्क्रू समोरासमोरचे, थोडे थोडे आवळत न्या.

बंद असताना स्वच्छ आणि चालू केल्यावर नापास, हा सर्वांत नेहमीचा निकाल. त्यावर पहिला उपाय बायोस अपडेट, कारण मेमरीबाबतच्या सुधारणा तिथूनच येतात. अपडेटनंतर सगळी सेटिंग पुसली जातात, प्रोफाइल पुन्हा चालू करावं लागतं. त्यानंतरच्या पहिल्या बूटला एएम५ बोर्ड मेमरी ट्रेनिंग (रॅमशी वेळ जुळवून घेणं) करत काही मिनिटं काळा स्क्रीन दाखवतो. त्यात घाबरून बटण दाबून मशीन बंद करणारे पुष्कळ. दहा मिनिटं थांबा, चहा करा. तरीही नापास असेल तर प्रोफाइल तसंच ठेवून वेग ५६०० करा. एसओसी व्होल्टेज (सीपीयूतल्या मेमरी कंट्रोलरच्या भागाचं व्होल्टेज) स्वतः चढवत असाल तर १.३ च्या वर जाऊ नका. ही मर्यादा एएमडीनं २०२३ मध्ये रायझन ७००० एक्स३डी जळाल्याच्या प्रकारानंतर बायोसमध्येच घातली. आणि ६००० वरून ५६०० वर आल्यानं गेममध्ये पडणारा फरक मोजणी यंत्राशिवाय कळत नाही, त्यामुळे त्यात कमीपणा मानू नका.

मेमटेस्ट८६+ ची मर्यादाही आहे. तो चालतो तेव्हा ग्राफिक कार्ड निवांत असतं, कॅबिनेट थंड असतं. डीडीआर५ स्टिकवर वीज नियंत्रणाची चिपही बसवलेली असते आणि ती तापते. शिवाय गेम चालू असताना ग्राफिक कार्डाची गरम हवा थेट स्टिकांवर येते. थंडपणी पास झालेली स्टिक तापल्यावर चुका करू शकते. एचडब्ल्यूइन्फो हे सेन्सर दाखवणारं टूल उघडून स्टिकचं तापमान बघत चला. गेममध्येच क्रॅश आणि स्टिक साठ अंशांच्या पुढे, असं दिसलं तर कॅबिनेटचं झाकण काढून तोच गेम खेळून पाहा. क्रॅश थांबले तर दोष हवेच्या वाटेत आहे.

विंडोजचं स्वतःचं मेमरी डायग्नॉस्टिक? तिथे चूक निघाली तर ती खरी धरा. नाही निघाली तर काहीच सिद्ध झालं नाही.

ओसीसीटी : विंडोजमधला हरकाम्या

एकाच खिडकीत सीपीयू, मेमरी, ग्राफिक कार्डाची मेमरी, थ्रीडी आणि पॉवर अशा वेगवेगळ्या टेस्ट, शिवाय सेन्सरचे आलेख. घरगुती वापराला फुकट आहे, पण एक टेस्ट तासाभराच्या पुढे जाऊ देत नाही. नव्या मशीनला तेवढा वेळ बऱ्याचदा पुरतो. याची मोठी कामगिरी म्हणजे हा नुसता ताण देत नाही, गणिताचं उत्तर तपासतो. सिनेबेंच आणि फरमार्क यांच्याशी तुलना केली की फरक कळतो. सिनेबेंचमध्ये चित्र पूर्ण झालं म्हणजे मशीन स्थिर, असं समजणारे दुकानदारही आहेत. ते वेग मोजायचं टूल आहे, चूक शोधायचं नाही. ग्राफिक कार्डाला ताण देणारा फरमार्क एकसारखा भार देतो, तर गेममध्ये भार क्षणाक्षणाला चढतो-उतरतो, आणि एसएमपीएस बोंबलतो तो त्या चढ-उतारात.

ओसीसीटीत सीपीयू टेस्ट लावताना चूक आली तर कोणत्या कोअरवर आली ते लिहून येतं. ती ओळ आणि डब्ल्यूएचईएचा एपिक आयडी एकाच कोअरकडे बोट दाखवत असतील तर निदान जवळपास झालं. पॉवर टेस्ट सीपीयू आणि ग्राफिक कार्ड दोघांनाही एकदम पळवते. ती सुरू करताच मशीन फटकन रीस्टार्ट झालं आणि मिनीडंप फोल्डर (ब्लू स्क्रीनची नोंद जिथे साठते ते) रिकामं राहिलं, तर एसएमपीएस, त्याच्या केबली किंवा यूपीएस. ही टेस्ट मात्र डोळ्यांसमोर घ्या, लावून जेवायला जाऊ नका.

दोष काढायचा तर ओसीसीटीचं ‘नो एरर’ फार गोड वाटतं. तासाभराची मर्यादा असल्यानं तापल्यावर, चौथ्या तासाला येणारी चूक त्याच्या हाती लागत नाही.

प्राइम९५ आणि कोअरसायकलर

प्राइम९५ मूळचं मोठमोठ्या मर्सेन मूळसंख्या शोधण्यासाठी १९९६ मध्ये लिहिलेलं. उत्तर काटेकोर यावंच लागतं, म्हणून सीपीयूच्या परीक्षेलाही ते कामी आलं. पहिल्यांदा उघडल्यावर ‘जस्ट स्ट्रेस टेस्टिंग’ निवडा. स्मॉल एफएफटी म्हणजे सीपीयू आणि त्याची कॅश, लार्ज एफएफटी आणि ब्लेंड म्हणजे रॅम आणि मेमरी कंट्रोलरही ताणात. चूक झाली की ‘राउंडिंग वॉज ०.५, एक्स्पेक्टेड लेस दॅन ०.४’ अशी ओळ येते आणि तो वर्कर थांबतो. अशी एक ओळ आली की बास. मशीन पुढे दोन दिवस चाललं तरी ते अस्थिरच.

स्मॉल एफएफटीत रायझन ७००० चं तापमान ९५ अंशांना टेकलं म्हणून धास्तावू नका, ते त्याच्या रचनेतच आहे. बंद पडणं वेगळं, तापून वेग कमी करणं वेगळं.

पण या टूलनं एका विशिष्ट दोषाबद्दल हजारो लोकांना फसवलंय. रायझनच्या बायोसमधल्या पीबीओ (आपोआप वेग वाढवणं) आणि कर्व्ह ऑप्टिमायझर (कोअरचं व्होल्टेज कमी करणं) या सेटिंगमध्ये सगळ्या कोअरना उणे ३० टाकून दिलेलं असतं. प्राइम९५ सगळे कोअर एकदम पळवतो, तेव्हा वीज आणि उष्णतेमुळे वेग खाली येतो, आणि त्या वेगाला कमी व्होल्टेज पुरतं. सगळं पास. मग मशीन निवांत असताना, एखादी टॅब उघडताना, एकच कोअर उसळी मारून सर्वांत वरच्या वेगाला जातो आणि तिथे व्होल्टेज कमी पडतं. म्हणून गेममध्ये ठीक आणि डेस्कटॉपवर रीस्टार्ट! यासाठी कोअरसायकलर. ही एक पॉवरशेल स्क्रिप्ट आहे. ती प्राइम९५ सारखी टूल्स एका वेळी एकाच कोअरवर फिरवते आणि कोणता कोअर पडला ते सांगते. दिसायला रुक्ष, बटणं नाहीत, सेटिंग एका फाइलीत. कर्व्ह ऑप्टिमायझरला हात लावला असेल तर मात्र हिला पर्याय नाही. पडलेल्या कोअरला उणे ३० वरून उणे २० वर आणा, पुन्हा रात्रभर फिरवा. सोळा कोअरना एकच आकडा लावणं हा आळस आहे आणि त्याची किंमत महिनाभरानं वसूल होते.

एएम४ वर निवांत असतानाच मशीन पडत असेल आणि कर्व्हला हात लावलेला नसेल, तर बायोसमध्ये ‘पॉवर सप्लाय आयडल कंट्रोल’ हे सेटिंग ‘टिपिकल करंट आयडल’ करून पाहा. एक मिनिटाचं काम.

इंटेल १३ वी आणि १४ वी पिढी

इथे कोणतंही टूल चालवण्याआधी बायोसची तारीख बघा. या पिढ्यांच्या ६५ वॅट आणि त्याहून मोठ्या डेस्कटॉप सीपीयूंमध्ये जास्तीच्या व्होल्टेजमुळे कोअरमधलं क्लॉक सर्किट झिजत जाण्याचा दोष होता. इंटेलनं ऑगस्ट २०२४ मध्ये १२९, सप्टेंबरमध्ये १२बी आणि मे २०२५ मध्ये १२एफ क्रमांकाचा मायक्रोकोड (बायोसमधून येणारी सीपीयूची दुरुस्ती) काढला. नवीन सीपीयू लावलेल्या बोर्डावर जुना बायोस असेल तर आधी तोच अपडेट करा. जे सीपीयू आधीच झिजलेत ते मायक्रोकोडनं बरे होत नाहीत. त्यांच्यासाठी इंटेलनं वॉरंटी दोन वर्षांनी वाढवली आहे. लक्षणं फसवी असतात. अनरिअल इंजिनचा गेम ‘आउट ऑफ व्हिडिओ मेमरी’ म्हणतो आणि बिचारं ग्राफिक कार्ड बदललं जातं. इथे झटपट परीक्षा म्हणजे सेव्हनझिपमधली बेंचमार्क टेस्ट: मोठा डिक्शनरी आकार आणि सगळे थ्रेड. तिथे उलगडताना चूक येऊ लागली आणि प्रोफाइल बंद केल्यावर रॅम स्वच्छ निघाली, तर सीपीयूचाच क्लेम तयार करा.

ग्राफिक कार्ड, वीज आणि यूपीएस

स्क्रीन क्षणभर काळा होऊन परत आला आणि लॉगमध्ये ‘डिस्प्ले ४१०१’ असेल, तर ड्रायव्हर दोन सेकंदांत उत्तर देऊ शकला नाही म्हणून विंडोजनं तो पुन्हा सुरू केला. आधी डीडीयू या टूलनं जुना ड्रायव्हर सेफ मोडमध्ये, इंटरनेट तोडून, पूर्ण काढा आणि मग नवा टाका. इंटरनेट चालू राहिलं तर विंडोज मधेच स्वतःचा ड्रायव्हर घुसवतं. डीडीयूचं काम चोख आहे, फक्त महिन्याला एकदा सवयीनं चालवायचं ते औषध नव्हे.

कार्डाला दोन आठ-पिन कनेक्टर असतील तर एसएमपीएसपासून दोन वेगळ्या केबली आणा. एकाच केबलीची दोन टोकं लावू नका. बारीक सोळा-पिनवाला कनेक्टर शेवटपर्यंत, फट न राहता बसलाय का, ते नख फिरवून बघा. उभं कार्ड रायझरवर लावलं असेल तर बायोसमध्ये स्लॉट ‘जेन ३’ करा. क्रॅश थांबले तर रायझर जुन्या पिढीची आहे.

आपल्याकडचा खास मुद्दा यूपीएसचा. बऱ्याच ६०० व्हीए यूपीएसची ताकद ३६० वॅट असते. गेमिंग मशीन त्यावर टाकलं की भार चढताच यूपीएस हात टेकतो. शिवाय स्वस्त यूपीएसची बॅटरीवरची लहर खरी साइन नसते, ती काही एसएमपीएसना मानवत नाही. लाइट गेली की मॉनिटर चालू आणि पीसी रीस्टार्ट, हे त्याचं चिन्ह. एक दिवस मशीन थेट भिंतीतल्या १६ अँपिअरच्या, अर्थिंग नीट असलेल्या सॉकेटवर चालवा. एवढ्यानंच सुटलेल्या केसेस कमी नाहीत, आणि याला कोणतंच टूल लागत नाही.

रॅम खराब असतानाच विंडोज टाकलं गेलं असेल तर फाइली आधीच सडलेल्या असतात. रॅम बदलल्यावर एसएफसी आणि डिझम या विंडोजच्या फाइली दुरुस्त करणाऱ्या आज्ञा चालवा. नवीनच मशीन आहे तर सरळ विंडोज पुन्हा टाका, ते जास्त लवकर होतं.

वॉरंटीचा क्लेम करायला मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर जा नाहीतर कुरिअर करा, सोबत फोटो हवाच. मेमटेस्टच्या लाल ओळींचा फोटो काढताना प्रोफाइल बंद असलेला बरा, नाहीतर काउंटरवरून ‘ओव्हरक्लॉक केलंय तुम्ही’ एवढं ऐकून परत यावं लागतं. फोटोत रॅमचा वेग आणि चुकांची संख्या वाचता आली पाहिजे. आणि किट दोन स्टिकांचा असेल तर खराब एकच असली तरी दोन्ही द्या. बदल्यात एक सुटी स्टिक घेतली तर तिच्या चिपा वेगळ्या निघू शकतात, आणि मग पहिल्या पासापासून परत सुरुवात.